समुपदेशकाचे शिक्षण : पाटी कोणतीही असो, तास मोजा

ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाब मोजायला यंत्र आहे. मनाच्या दुखण्याला असे यंत्र नाही. तेथे उपचार करणाऱ्याचे कान, त्याची भाषा आणि त्याचे शिक्षण हीच त्याची साधने. म्हणून समुपदेशक काय शिकला, कोणाच्या हाताखाली शिकला आणि किती दिवस शिकला, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने औषधाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा आहे. दुर्दैवाने तो आपण कधीच विचारत नाही.

आज हा विषय घेण्याचे निमित्त म्हणजे एक पत्र. आमचे एक जुने वाचक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या नातीला अमेरिकेतील एका ख्रिस्ती विद्यापीठात मानसिक आरोग्य समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो आहे. गुरुजींनी तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला, हे खरोखरचे व्यावसायिक शिक्षण आहे, की प्रार्थना आणि प्रवचन? दुसरा, तेथे मुलीवर धर्माचे दडपण येईल का? तिसरा प्रश्न त्यांच्या घरातील मंडळींचा आहे : "लोकांशी नुसते बोलायला दोन-तीन वर्षे शिकावे लागते का?"

पहिले दोन प्रश्न रास्तच आहेत. तिसऱ्याला कोणी हसेल. पण माझ्या मते तिन्हींत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सुरुवात त्यापासून करू.

बोलणे वेगळे, उपचार म्हणून बोलणे वेगळे

मन मोकळे करायला घरची माणसे, शेजारी, मित्र असतातच. ती असावीतही. पण मावशी सल्ला देते तेव्हा तिला आपल्या घराची बाजू घ्यावी लागते. मित्र ऐकतो आणि लगेच स्वतःची गोष्ट सुरू करतो. समुपदेशक सल्ला देण्याची घाई करत नाही. समोरच्याला स्वतःची अडचण नीट दिसावी आणि त्यातून त्याला स्वतःचा मार्ग सापडावा, यासाठी तो काम करतो. त्याच वेळी त्याचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे असते. हे साधे दुःख आहे की नैराश्याचा आजार? या माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत का? त्याला औषधांची गरज आहे का? हे ओळखता आले नाही, तर गोड बोलणेही घातक ठरते.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर; औषधे तोच लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या व मानसोपचार करतो; आपल्या देशात त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशक हा तिसरा. तो औषध देत नाही. बोलण्यातून आधार व उपचार देतो आणि गरज दिसताच रुग्णाला पहिल्या दोघांकडे पाठवतो. तिघांचे काम वेगळे आहे आणि तिघेही लागतात.

आमच्याच भागातील एक प्रकार सांगतो. एका तरुण बाईला महिनोन्‌महिने झोप नव्हती, जेवण सुटले होते. घरच्यांनी तिला 'समुपदेशक' अशी पाटी लावलेल्या एका व्यक्तीकडे नेले. शिक्षण म्हणजे सुटीच्या दिवशी भरणारा एक छोटा वर्ग आणि भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र. तेथे तिला सांगण्यात आले, "चांगले विचार करत जा, सासरी जुळवून घे." जगणे नकोसे वाटते का, हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. शिवाय तिने सांगितलेले सर्व आठ दिवसांत तिच्या सासूच्या कानावर गेले. पुढे तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. वेळेवर दवाखान्यात आणले म्हणून ती वाचली. शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, "डॉक्टर, आता कोणाला काही सांगायचे नाही." तिच्या मते तिचा गुन्हा एकच होता, तिने तोंड उघडले.

"नुसते बोलायला शिकावे लागते का?" या प्रश्नाचे माझे उत्तर ही बाई आहे.

साठ क्रेडिट आणि सातशे तास

आता गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'केक्रेप' नावाची एक संस्था १९८१ पासून काम करते. विद्यापीठ सरकारी असो, खासगी असो किंवा चर्चने चालवलेले असो, या संस्थेची मान्यता हवी असेल तर तिचे किमान निकष पाळावेच लागतात. अनेक ख्रिस्ती विद्यापीठांनी ही मान्यता घेतली आहे. व्हर्जिनिया राज्यातील लिबर्टी विद्यापीठ हे त्यांतले एक मोठे उदाहरण.

निकष काय आहेत? मानसिक आरोग्य समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी किमान ६० क्रेडिटची असते. म्हणजे पूर्ण वेळ शिकणाऱ्याला दोन-अडीच ते तीन वर्षे लागतात. व्यवसायाची नीतिमत्ता, माणसाची वाढ व विकास, वेगवेगळ्या समाजांतील माणसांशी वागणे, मुलाखतीची कौशल्ये, गटासोबत करायचे काम, चाचण्या, संशोधन हे विषय सर्वांना सक्तीचे असतात. त्याखेरीज मनोविकारांचे निदान, व्यसने, आत्महत्येचा धोका ओळखणे हेही शिकावे लागते.

पण खरा भाग पुस्तकाबाहेरचा आहे. आधी १०० तासांचे प्रात्यक्षिक असते. त्यांतले किमान ४० तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसायचे. नंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यांतले किमान २४० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे. या साऱ्या काळात दर आठवड्याला सरासरी एक तास अनुभवी मार्गदर्शकासमोर बसून आपल्या कामाचा हिशेब द्यावा लागतो. समोरच्या माणसाची परवानगी घेऊन संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते किंवा त्याचे चित्रण केले जाते. मग मार्गदर्शक ते थांबवून थांबवून विचारतो : येथे ती गप्प झाली तेव्हा तुम्ही का बोललात? येथे तुम्ही तिचा प्रश्न टाळलात, तो का? वीस-बावीस वर्षांच्या मुलीला हे सहन करणे सोपे नाही. सर्जन होणारा डॉक्टर वरिष्ठांच्या नजरेखाली सुरी धरायला शिकतो, तसेच हे आहे.

एवढ्यावरही संपत नाही. पदवी म्हणजे परवाना नव्हे. परवाना प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देते. असा परवाना कायद्याने प्रथम व्हर्जिनियाने १९७६ मध्ये सुरू केला. कॅलिफोर्नियाने सर्वांत शेवटी, २००९ मध्ये कायदा केला. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि पदवीनंतर पुन्हा देखरेखीखाली काम करावे लागते. टेक्सास व कॅलिफोर्निया या राज्यांत हे काम ३,००० तासांचे आहे. तेव्हा गुरुजी, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल तर ते प्रवचन नव्हे. शिक्षण चांगलेच कडक आहे.

चर्च आणि समुपदेशन यांचा जुना संबंध

मग यात ख्रिस्ती काय? हा संबंध आजचा नाही. बोस्टन शहरात १९०६ मध्ये इमॅन्युएल चर्चचे धर्मगुरू एलवुड वूस्टर यांनी डॉक्टरांना बरोबर घेऊन मनाने खचलेल्या लोकांसाठी एक उपक्रम सुरू केला. रुग्णाला आधी डॉक्टर तपासत, मग बोलण्यातून आधार दिला जाई. पुढे अँटन बॉयसन नावाचे एक धर्मोपदेशक स्वतः मानसिक आजाराने रुग्णालयात दाखल झाले. बरे झाल्यावर ते वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून काम करू लागले आणि १९२५ मध्ये त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेथेच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. 'माणसाचे दुःख ग्रंथांतून शिकता, तसे त्याच्या शेजारी बसूनही शिका,' असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. आधुनिक समुपदेशनाचे एक जनक मानले जाणारे कार्ल रॉजर्स हेसुद्धा आधी न्यूयॉर्कच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात दोन वर्षे शिकले आणि मग मानसशास्त्राकडे वळले.

आजच्या ख्रिस्ती विद्यापीठांत वर सांगितलेले सर्व विषय असतात. त्यांच्या जोडीला श्रद्धा आणि मानसशास्त्र यांची सांगड कशी घालावी, यावरचे एक-दोन पेपर असतात. काही संस्था प्रवेश घेतानाच विद्यार्थ्यांकडून श्रद्धेविषयी किंवा आचरणाविषयी लेखी हमी घेतात. त्यात मद्यपान, विवाहबाह्य संबंध, समलिंगी संबंध यांविषयीचे नियम असू शकतात. सर्व संस्था सारख्या नाहीत. कॅथलिक पंथाच्या अनेक विद्यापीठांत अन्य धर्मीय विद्यार्थी सहज शिकतात आणि त्यांच्याकडून अशी हमी घेतली जात नाही. तेव्हा गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाला सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. ज्या कागदावर सही करायची, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे हेच त्याचे उत्तर.

खरी अडचण

मला स्वतःला मुलीच्या धर्माची तितकी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती पुढे तिच्यासमोर येऊन बसणाऱ्या माणसाची. समुपदेशकाची श्रद्धा एक आणि समोरच्याचे जीवन वेगळे, असे झाले तर?

हा वाद अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला आहे. ईस्टर्न मिशिगन या विद्यापीठात (ते सरकारी आहे, ख्रिस्ती नव्हे) एका विद्यार्थिनीने प्रात्यक्षिकाच्या वेळी एका समलिंगी व्यक्तीला आपल्या धर्मश्रद्धेमुळे दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे अशी विनंती केली. विद्यापीठाने तिला २००९ मध्ये काढून टाकले. २०१२ मध्ये अपील कोर्टाने तिची तक्रार पूर्ण ऐकली जावी असा निर्णय दिला आणि पुढे तडजोड झाली. त्यानंतर २०१४ मध्ये अमेरिकन समुपदेशकांच्या संघटनेने आपली आचारसंहिता सुधारताना स्पष्ट लिहिले, की समुपदेशकाने आपली मूल्ये समोरच्यावर लादू नयेत आणि केवळ आपल्या वैयक्तिक मूल्यांना पटत नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये.

विद्यार्थिनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. श्रद्धा ही काही अंगरख्यासारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. पण डॉक्टर दारुड्याच्या यकृतावर उपचार करताना आधी त्याला उपदेश करत नाही. तोच न्याय येथे. ज्याला हे जमत नाही, त्याने धर्मोपदेशक व्हावे. ते कामही मोठे आहे. समुपदेशकाच्या खुर्चीत बसून धर्मोपदेश करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि हे केवळ ख्रिस्ती माणसाला लागू नाही. सासरी जुळवून घे, असे त्या बाईला सांगणारी व्यक्तीही स्वतःची मूल्येच लादत होती. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही म्हटले आहे, की एखादा माणूस समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. श्रद्धेची भाषा मुळीच न कळणारा समुपदेशक आपल्या लोकांना उपयोगी पडणार नाही. आपल्याकडे मनाने आजारी माणसाला आधी देवळात, दर्ग्यात, महाराजांकडे नेतात आणि मग दवाखान्यात. "माझ्या पापाची ही शिक्षा आहे," असे म्हणणारा रुग्ण मला दर महिन्याला भेटतो. त्याला 'हे सारे खुळचट आहे' असे सांगितले तर तो पुन्हा येत नाही. श्रद्धेचा मान राखून आजार कसा समजावून द्यायचा, हे शिकवणारे पेपर ख्रिस्ती विद्यापीठांत असतील तर ती चांगलीच गोष्ट आहे. आपल्या विद्यापीठांनीही वारी, नवस, देवी अंगात येणे यांविषयी समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना शिकवावे, असे मला वाटते.

मात्र श्रद्धा आहे आणि शिक्षण नाही, असे झाले की काय होते, ते आपल्या देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. २८ जण जळून मेले. त्यांना पळता आले नाही.

आपल्याकडे काय आहे?

भारतातही ख्रिस्ती संस्थांनी या क्षेत्रात मोठे काम केले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रात रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहण्याची पद्धत फार पूर्वीपासून आहे. घरच्यांनाही आजार समजावून दिला जातो, हे तिचे वैशिष्ट्य. बंगळूरच्या क्राइस्ट विद्यापीठात समुपदेशन मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळते. आपल्या महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून आणि ठाण्याची आय.पी.एच. १९९० पासून काम करीत आहे.

पण गरज किती मोठी आहे! बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. ही पोकळी कोणी तरी भरणारच. शिकलेल्यांनी भरली नाही, तर पाटी लावणारे भरतील.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी जो कायदा केला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचा समावेश आहे. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. दिशा योग्य आहे. परंतु कायदा कागदावर असून चालत नाही. समुपदेशकाच्या पदवीत देखरेखीखालच्या कामाचे ठरावीक तास हवेत, त्यांचा हिशेब कोणी तरी तपासायला हवा आणि नोंदणीशिवाय पाटी लावायला बंदी हवी. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात अशा विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी जागा द्यावी. विद्यार्थ्यांना अनुभव मिळेल, रुग्णांना वेळ मिळेल. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही.

गुरुजी, आता थोडे व्यवहाराचे

नातीला पाठवायचे की नाही, हा निर्णय तुमचा आणि मुख्यतः तिचा. त्याआधी चार गोष्टींची लेखी माहिती मागवा.

पहिली, अभ्यासक्रमाला, केवळ विद्यापीठाला नव्हे, 'केक्रेप'ची मान्यता आहे का? दुसरी, प्रात्यक्षिक व इंटर्नशिप कोठे होते आणि ती जागा विद्यापीठ मिळवून देते की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची? परक्या मुलीला ती शोधणे जड जाते. तिसरी, श्रद्धेची किंवा आचरणाची हमी घेतात का, आणि हिंदू विद्यार्थिनीला ती कशी लागू होते? चौथी, परवान्याचे काय? परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर तेथे सहसा एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते आणि परवान्याचे तास भरायला त्याहून जास्त काळ लागतो. कर्ज काढण्यापूर्वी हे गणित मांडलेच पाहिजे. ती परत येणार असेल तर हेही लक्षात ठेवा, की या पदवीवर आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी होत नाही. समुपदेशक म्हणून काम करता येईल.

आणि वाचकहो, आपल्या गावात समुपदेशकाकडे जाताना आपणही न लाजता विचारावे : आपले शिक्षण काय? आपण कोणाच्या देखरेखीखाली काम शिकलात? मी सांगितलेले कोणाला सांगाल का, आणि कोणत्या प्रसंगी सांगावे लागेल? औषधांची गरज वाटली तर कोणाकडे पाठवाल? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, जिवाला धोका असेल तर घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवावे लागेल, हे तो पहिल्याच भेटीत आपण होऊन सांगतो.

ज्याला जगणे नकोसे वाटते त्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, अशा चौकशीत वेळ घालवू नये. सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच लिहून घरात सर्वांना दिसेल अशा जागी लावा.